पोळीवरची रेघ

सागवानी देव्हारा, भिंतीत मिटणारं जेवणाचं टेबल, लेकीचं डेस्क आणि बावीस पोळपाट. सगळं मी स्वतःच्या हातांनी केलंय, सिंगापूरच्या फ्लॅटच्या खिडकीपाशी, कुणाकडेही न शिकता. तेविसावा पोळपाट बॅगेत घालून निघालो तो फिनलंडमधल्या तांपेरेला. तिथे मी तरुणपणी सहा वर्षं राहिलो. सोडून चौदा वर्षं झाली. मित्र सदा तिथे फर्निचरचं वर्कशॉप चालवतो. "बायको-लेकीला घेऊन कायमचा ये माझ्याकडे कामाला," म्हणून मागे लागला होता. मन तर कधीच जाऊन बसलं होतं.

चांगी विमानतळावर लेक तिच्या सिंगापुरी लकबीत म्हणाली, "बाबा, फ्रीझरमध्ये कोण राहतं, लाह?"

जाणाऱ्यांसाठी सांगतो, जाड कोट इथून नेऊ नका. तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानात मला पस्तीस युरोत मिळाला. हेलसिंकीहून ट्रेनने पावणेदोन तास.

स्टेशनबाहेर उणे सोळा. पहिल्याच श्वासाला नाकातले केस ताठ झाले आणि मला हसू आलं. ओळख पटली! दुपारी तीनलाच निळा उजेड उतरला. गोठलेल्या तळ्यावर चालत गेलो. बर्फाने सगळे आवाज पिऊन टाकले होते. सिंगापूरच्या घामट दुपारी डोळे मिटल्यावर दिसायचं, ते हेच तळं. मी स्वप्नात चालतोय की बाहेर, कळेना.

पोळपाट सदाच्या बायकोला, शुभावहिनींना दिला होता. चौथ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली.

"भावजी, तुमच्या पोळीवर रेघ का हो उठते?"

पोळपाटाला मधोमध भेग. हीटरच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसलं होतं. दमट हवेत घडवलेली फळी इथे आणताना हा हिशेब मी, मी विसरलो! कान तापले.

सदाने पोळी उचलून बघितली. "बावीस झाले म्हणतोस आणि तेविसावा हा? जाऊ दे रे, भेगेत लांबी-पुट्टी भर, रंधा मार. सरळ होईल. इथे राहून तूही होशील."

मी लांबी भरली नाही. वहिनींना तिथल्याच बर्च झाडाच्या लाकडाचा नवा पोळपाट करून दिला आणि भेगाळलेला परत आणला.

घरी, सिंगापूरच्या दमट हवेत, तो खिडकीपाशी ठेवला. रोज नख लावून बघायचो. डोळ्यांपुढे निळं तळं अजून येतं, दुपारी तीनच्या सुमारास. तीन आठवड्यांनी भेगेत नख जाईना. बायकोने पोळी लाटली, रेघ नाही.

त्याच संध्याकाळी सदाला फोन करून नाही म्हटलं. महिना साडेचार हजार युरो पगार देत होता.