गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं

आधी मावशीचं सांगते, मग बाकीचं. नात्यानं ती माझी कुणी नाही. जव्हारहून मोखाड्याला जाताना रस्त्याच्या खालच्या अंगाला मोगऱ्याची रोपवाटिका आहे, तिथं ती रोजावर येते आणि मी तिथंच पत्र्याच्या खोलीत राहते. माझी कुत्री आज जिवंत आहे ती तिच्यामुळे. औषध डॉक्टरीणबाईंनी दिलं, त्यांचे उपकार आहेतच. पण कुत्री दवाखान्यापर्यंत पोचलीच नसती तर त्यांनी तरी औषध कुणाला दिलं असतं?

मी सोलापूरच्या पलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि नवऱ्याला इथं टेम्पोवर काम लागलं म्हणून एवढ्या लांब आलो. तो मोगऱ्याच्या कळ्या आणि रोपं घेऊन खाली शहरात जातो, अर्धा आठवडा घरी नसतो. इथली बोली मला पहिलं वर्षभर नीट कळायचीसुद्धा नाही. रस्त्याकडेला सापडलेलं हे पिल्लू तेवढं माझं ऐकायचं. नाव ठेवलंच नाही. "ए" म्हटलं की येते.

आमच्याकडं गोगलगाय फक्त बोलण्यात. एखादा साळसूद माणूस आतून बेरकी निघाला की म्हणायचं, गोगलगाय नि पोटात पाय. खरीखुरी मी इथंच बघितली. श्रावणात इथं धुकं जमिनीवर उतरलं की भिंतीवर, बादलीवर, चपलेवर सगळीकडं त्यांच्या चकचकीत रेघा. मोगऱ्याच्या कोवळ्या रोपांचे शेंडे एका रात्रीत फस्त.

त्यावर रोपवाटिकेतली पद्धत अशी : संध्याकाळी गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवायची आणि वाफ्यांच्या कडेनं अंथरायची. वासानं गोगलगायी त्याखाली गोळा होतात. सकाळी गोणपाट उलटायचं, त्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. शंखवाल्या मोठ्या लगेच दिसतात. बिनशंखाच्या, नखाएवढ्या, तपकिरी, त्या गोणपाटाच्या धाग्यांत चिकटून बसतात. तेवढ्या कोण बघत बसतो? आणि गोणपाटं संध्याकाळी पुन्हा भिजवायचीच, म्हणून दिवसभर ती माझ्या खोलीमागं ढीग करून ठेवलेली.

कुत्रीला तो ढीग फार प्यारा. चाटायची, चघळायची, त्यातच झोपायची. मावशी म्हणायची, "तुझे लेकीला घरचा चा गोड लागत नाय वाटतं!" आणि आम्ही हसायचो.

एका सकाळी मी "ए" म्हटलं आणि ती आली नाही. ढिगाजवळ पडली होती. उठायला बघत होती, पण मागचे पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे मागं फरफटत होते. शेपटी लोंबलेली. मी उचलायला पाठीखाली हात घातला तशी ती किंचाळली आणि मान वळवून चावली. दात अंगठ्याला घासून गेला. रक्त आलं.

वाफ्यातल्या बायांनी ते पाहिलं. "पिसाळली, पिसाळली!" एकच आरडाओरडा. काहींनी लेकरं कडेवर उचलली. मुकादम लाकूड घेऊन धावत आला. तो वाईट माणूस नाही. त्याच्या पाड्यातल्या एकाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, आणि त्याचे शेवटचे हाल यानं डोळ्यांनी बघितले होते.

"वयनी, बाजूला व्हा. आता माया करायची वेळ नाय."

कुत्री माझ्याकडं बघत होती आणि मी माझ्या अंगठ्याकडं. हा म्हणतो ते खरं असलं तर तिच्यापाठोपाठ माझाही नंबर, एवढंच डोक्यात फिरत होतं. बाजूला मात्र मी झाले नाही.

तेवढ्यात मावशी आली. हात चिखलानं माखलेले. सरळ आमच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"टाक ते लाकूड."

"मावशे, तुला चावली म्हंजे?"

"चावायला उठता तरी येतंय का तिला? पाय बघ."

तिनं काठीनं पाण्याची थाळी कुत्रीपुढं सरकवली. कुत्रीनं पडल्या पडल्या मान लांब केली आणि लपालपा पाणी प्याली.

"पाणी पितंय," मावशी म्हणाली.

"पितंय म्हणून काय झालं? तू डॉक्टर हायस?"

"नाय. तू हायस?"

कुणीतरी मागं हसलं. मुकादमाला ते झोंबलं. "पोरांना चावली तर जबाबदार कोण? तू?"

"मी. डॉक्टर बोलला मार, तर मार. मीच धरून देईन. पन आधी त्याला बघू दे."

मग ती माझ्यावर उखडली. "आणि तू काय उभी रायलीस? नळावर चल!" साबण लावून तिनं माझा अंगठा इतका वेळ धुतला की कातडी सुरकुतली. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं आणून तिनं लांबूनच कुत्रीवर पालथं घातलं, खालून फळी सरकवली आणि सुंभानं सगळं आवळून बांधलं.

त्या दिवशी जव्हारचा बाजार. तिकडं जाणाऱ्या जीपा गच्च भरलेल्या. एक थांबली. ड्रायव्हर डालग्याकडं बघून म्हणाला, "मावशी, एवढी मोठी कोंबडी कुठं मिळाली?"

"कुत्री हाय. चावते," मावशीनं सांगून टाकलं. "वर टपावर ठेव. मी पन वर बसते."

"वर माणसं बसवत नाय मी."

"मंग मागं लटकते आणि डालगं धरते. पन तू पुढं गेलास तर ध्यानात ठेवीन. तुझी आई मला वळखते."

आईचं नाव निघाल्यावर तो खाली उतरला. डालगं टपावर बांधलं, आणि मावशी मागच्या पायरीवर उभी राहून, एक हात वर करून ते धरून आली. प्रत्येक वळणावर वरून कुत्रीचं कण्हणं यायचं. ते थांबलं की मला धडकी भरायची.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. जाड हातमोजे घालून त्यांनी लांबूनच खूप वेळ निरखलं, मग डोळे, जबडा, पाय. माझा अंगठा बघितल्यावर पहिलं वाक्य, "तुम्ही आधी माणसांच्या दवाखान्यात जा. इंजेक्शन आजच सुरू करा. कुत्रीचं काहीही निघो."

"पिसाळली का हो ती?"

"नाही असं मी आत्ता छातीठोक सांगू शकत नाही. बांधून, वेगळी ठेवून दहा दिवस बघावं लागेल. पण मला दुसरीही शंका आहे. ही खाते काय? उंदीर? गोगलगायी?"

मी मावशीकडं बघितलं, मावशीनं माझ्याकडं. मग दोघींनी मिळून गोणपाटांचं सांगितलं.

बाईंनी फोनवर त्यांच्या सरांना विचारलं, मग आम्हाला समजावलं. एक बारीक जंत असतो, उंदराच्या फुप्फुसाजवळच्या नसांत राहणारा. त्याची पिल्लं उंदराच्या लेंडीतून बाहेर पडतात. लेंडी गोगलगाय खाते आणि गोगलगाय कुत्रं. कुत्र्याच्या अंगात ती पिल्लं मेंदूकडं, पाठीच्या कण्याकडं जातात आणि तिथं सूज येते. म्हणून पाय गेले, म्हणून हात लावला की चावली.

"मग जंताची गोळी द्या ना," मी म्हटलं. दुकानात मिळते ती मला माहीत होती.

"तीच देऊ नका. एकदम मेलेल्या जंतांनी सूज आणखी वाढते. आधी सूज उतरवू. आणि ताई, माणसालाही हा जंत होतो. गोगलगायी उघड्या हातानं वेचू नका, पालेभाजी धुतल्याशिवाय खाऊ नका."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कुत्री शेडमध्ये साखळीला, मुकादमाची नजर तिच्यावर, आणि माझी कधी तिच्यावर, कधी अंगठ्यावर. मला पाणी गिळताना जरा ठसका लागला तरी मी पुन्हा अंगठा तपासायची. नवरा फोनवर म्हणायचा, "इंजेक्शनं घेतेस ना? मग झोप." झोप कुठली! थाळी काठीनं पुढं सरकवायची आणि ती पाणी पिते का ते बघत राहायचं. प्याली की मावशी वाफ्यातूनच ओरडून विचारायची, "प्याली का गं?" आणि मीही ओरडून सांगायची, "प्याली!" होता होता इतर बायाही विचारायला लागल्या.

दहा दिवस सरले तेव्हा कुत्री पुढच्या पायांवर उठून शेपटी हलवत होती. डॉक्टरीणबाईंनी येऊन बघितलं आणि पिसाळण्याची भीती सोडा म्हणाल्या. मुकादमानं लाकूड चुलीत घातलं. एक पाय अजून ओढते ती, आणि तो तसाच राहील म्हणतात. आता गोणपाटं बंद पेटीत असतात, वेचणी हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून होते, आणि तेवढा वेळ कुत्री आत कोंडलेली.

मावशीला मात्र त्या दिवसाचा रोज मिळाला नाही. मी द्यायला गेले तर म्हणाली, "ठेव तुझ्यापाशी. मी काय तुझ्या पैशासाठी लटकले?" दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर जाते. सगळ्या आयुष्यात पाडा, जव्हार, मोखाडा आणि भट्टी, यापलीकडं ती कुठं गेलेली नाही. तिथंही हातात काम, इथंही काम. तर मी ठरवलंय. कधीतरी, तिची भट्टी चुकवून, मी तिला आमच्या गावी हुरड्याला नेणार. आईला सांगून ठेवलंय, ही आली की हिच्या हातात खुरपं द्यायचं नाही, उठू द्यायचं नाही. आगटीजवळ बसवायचं आणि कोवळी कणसं मी स्वतः चोळून तिच्या ओंजळीत घालणार, ती पुरे म्हणेपर्यंत.