उघाडीजवळची झिरप

अभ्यास करायला आलेल्या बाईंनी आमच्या गावाला फसवलं. गावही त्यांच्याशी खोटं बोललं, हे मी लपवत नाही. पण आपला माल चांगला म्हणून सांगणं वेगळं, आणि माल बघून, हात लावून, शब्द देऊन मग पाठ फिरवणं वेगळं. पहिलं बाजारात रोज चालतं. दुसऱ्याला आम्ही फसवणूक म्हणतो.

मी दगड आणि मुरूम पुरवतो. सुरुवात किहीमच्या वाड्यांतले नारळ हातगाडीवर घालून केली, मग जुना टेम्पो, मग डंपर. शिक्षण दहावीपर्यंत, तेही धड नाही. माझा राग लवकर चढतो हे तालुक्याच्या कचेरीतल्या शिपायालासुद्धा ठाऊक आहे. आधीच सांगून टाकतो, कारण माझं बोलणं ऐकून ‘त्याला काय, त्याला दगड विकायचा असतो’ असं म्हणणारे निघतात. विकायचा असतोच. म्हणून काही फुटलेला बांध अखंड होत नाही.

आमचं गाव खाडीकाठी आहे आणि शेतं भरतीच्या पाण्याच्या खालच्या पातळीला. मध्ये फक्त मातीचा बांध. बांधात एके ठिकाणी उघाडी आहे, म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर पडतं आणि भरती आली की पाण्याच्याच रेट्याने ती मिटते. बांधाच्या आत भात, बाहेर खाऱ्या पाण्यातली तिवरांची झाडी आणि चिखल. बांध पहिल्यांदा कोणी घातला ते कोणाला सांगता येत नाही, पण राखायचा कसा ते ठरलेलं आहे. त्याला आम्ही जोळ म्हणतो. ज्याचं जेवढं शेत बांधाच्या आत, तेवढी त्याच्या घरची माणसं बांधाच्या कामाला. खांड पडली, म्हणजे बांध फुटून खारं पाणी आत शिरलं, की गावात हाक जाते. मग ताटावरचा माणूसही उठतो. पेंढा आणि चिखल थरावर थर रचून पुढची भरती यायच्या आत खांड बुजवायची. राहिली तर पुढच्या भरतीला ती रुंद होते, आणि मग माणसांच्या हाताबाहेर जाते.

आणखी एक गोष्ट ठरलेली आहे. खांडीबद्दल गावाबाहेर बोलायचं नाही. खारं पाणी आत आलं की त्या शेतात काही वर्षं भात होत नाही, आणि ज्या गावचा बांध फुटतो त्या गावात कोणी मुलगी देत नाही. म्हणून स्थळ बघायला पाहुणे आले की त्यांना बांधाच्या देवळाकडच्या बाजूने फिरवून आणायचं. तिथे बांध रुंद आहे, वर बाभळी आहेत, वाराही चांगला लागतो. उघाडीकडे कोणी पाहुण्याला नेत नाही.

बाई पहिल्यांदा आल्या त्या थंडीत, दोन विद्यार्थी घेऊन. समुद्र वर चढतोय, पाऊस बिघडलाय, त्यात गरीब माणूस सर्वांत आधी कुठे बुडतो, हा त्यांचा विषय. देवळाच्या ओट्यावर सगळे जमले. जोळाची हाक देणारा आमचा म्हातारा कारभारी मधोमध बसला होता, धुतलेला सदरा घालून.

बाईंनी विचारलं, “बांध फुटतो का कधी?”

“न्हाय फुटत,” कारभारी म्हणाला.

“आणि फुटलाच तर?”

“तर आम्ही काय मेलो हाय का? जोळ बसतो. पुढच्या भरतीला बघाल तर कुठं फुटलाय ते सापडायचं न्हाय.”

“सरकारकडून काही मदत?”

“सरकार खाडीत उतरतं व्हय, बाई?”

सगळे हसले. बाईही हसल्या आणि त्यांनी लिहून घेतलं. मी मागे उभा होतो. म्हटलं, “काका, त्यांना उघाडीकडची बाजू दाखवा की.”

कारभाऱ्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. “पाहुण्याला फाटकी गोधडी अंगावर देतोस का रं घरी? दगडाची जाहिरात बंद कर तुझी.”

त्या वर्षी निम्म्या घरांत लग्नाची बोलणी चालू होती. मी तिथून निघून आलो, पण डोकं तापलं ते तापलंच.

बाई पुन्हा आल्या शिमग्याला. जोळ कसा बसतो ते बघायचंय म्हणाल्या. शिमग्याला आमची सगळी पोरं गावात असतात. एरवी ती उरणला ट्रेलरवर नाहीतर कंटेनरच्या यार्डात. बंदराने आमच्याकडचं एकही तरणं माणूस सोडलेलं नाही. देवळाकडच्या बाजूला बांधाचा थोडा काठ खचला होता, तो पोरांनी बाईंसमोर भरून काढला. कमरेएवढ्या चिखलात उतरली, एकमेकांच्या तोंडाला चिखल फासला, बायकांनी रांग करून चिखलाच्या पाट्या दिल्या. विद्यार्थ्यांनी व्हिडिओ काढले. ही पोरं परवा निघून जातील आणि पावसाळ्यात हाक गेली तर गुडघे धरून उठणारी माणसं तेवढी येतील, हे बाईंना कोणी सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. घर सारवलेलं असताना कोणी पोपडे दाखवत नाही, तसंच.

मग मीच बाईंना उघाडीकडे नेलं. तिथलं पहिलं शेत माझ्या वहिनीचं. माझा मोठा भाऊ गेल्यापासून ती एकटी ते करते. तिचा मुलगा उरणला ट्रेलर चालवतो. यार्डामागच्या एका खोलीत राहतो आणि आईला बोलावतो. ती जात नाही. त्या खोलीत खिडकी आहे, पण तिच्यातून समोरच्या भिंतीखेरीज काही दिसत नाही म्हणते. शेत आहे तोवर तिला नाही म्हणता येतं. शेत गेलं की तिला त्या खोलीत जावं लागेल. तिला हे माहीत आहे, मलाही माहीत आहे.

वहिनी उघाडीजवळ खेकड्यांची बिळं चिखलाने बुजवत होती. बाईंना म्हणाली, “जपून हं बाई. इथं पाय गेला तर चप्पल खाडीची.”

चप्पल गेली नाही, पण बाईंचा पाय बांधात घोट्यापर्यंत शिरला. त्या दचकल्या. मी त्यांना खाली, शेताच्या बाजूला नेलं आणि बांधाच्या पायथ्याला हात लावायला सांगितलं. माती गार होती आणि तिच्यातून बारीक पाणी येत होतं, घाम यावा तसं. ती झिरप. म्हणजे बांध आतून पोकळ झालाय. तेवढ्यात खाडीतून माल वाहणारी एक बार्ज गेली आणि तिची लाट बांधाला येऊन बसली. हाताखालची माती हलली. ते बाईंनाही कळलं, कारण त्यांनी हात झटकन मागे घेतला. फोटो काढले, विद्यार्थ्याला जागा टिपून घ्यायला सांगितली.

तिथेच मी सौदा केला. म्हटलं, “बाई, आमचं सगळं तुम्ही घेऊन चाललात. आम्हाला काय?”

“तुमची परिस्थिती वरपर्यंत पोहोचेल.”

“वर म्हणजे कुठे?”

“धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत.”

“मी रोज माल पोहोचवतो. कोणाच्या दारात उतरवायचा ते ठरल्याशिवाय डंपर हलवत नाही.”

बाई हसल्या. मी हसलो नाही. मी दोन गोष्टी मागितल्या. हा तुकडा तुमच्या अहवालात आला पाहिजे, आणि अहवाल वर जायच्या आधी आमच्या देवळात मराठीतून वाचून दाखवला पाहिजे, म्हणजे चूक असेल ती इथेच निघेल. बाई म्हणाल्या, “नक्की. ते आमचं कर्तव्यच आहे.” वहिनी समोर उभी होती, चिखलाचे हात घेऊन. तिने ऐकलं.

त्यानंतर देवळात कोणी काही वाचलं नाही. मी फोन केले. काम चालू आहे, म्हणाल्या. नंतर फोन विद्यार्थी उचलायला लागला. मग तोही नाही.

अलिबागला कानावर आलं की खारबांधांच्या पक्क्या दुरुस्तीसाठी गावं निवडली गेली आहेत. मी कचेरीत गेलो. साहेब तरुण होते, गोड बोलणारे. खुर्ची दिली.

“तुमच्या गावाची गरज तेवढी तातडीची नाही,” ते म्हणाले. “तुम्ही लोक सक्षम आहात. उलट इतर गावांनी तुमच्याकडून शिकायला हवं.”

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर बाईंचा अहवाल होता आणि त्यात आमची शिमग्याची पोरं, चिखलाने माखलेली, दात काढून हसणारी. खालचं इंग्रजी साहेबांनीच मराठीत सांगितलं. गरिबी आहे, पण परंपरेच्या बळावर हे गाव बदलत्या समुद्राला तोंड देतंय. बाहेरच्या मदतीवर अवलंबून नाही.

“उघाडीजवळची झिरप कुठे आहे यात?” मी विचारलं.

साहेबांनी पडद्यावरचा मजकूर खालीवर करून बघितला. “तसं काही नाही इथे.” मग म्हणाले, “अभिनंदन करायला हवं खरं तर तुमचं.”

यावर मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. टेबलावरचा ग्लास सांडला एवढं खरं. शिपायाने मला दंडाला धरून जिन्यापर्यंत आणलं आणि म्हणाला, “शेठ, चहा पिऊन घरी जा. साहेब नवीन हायत.”

बाईंना दुसऱ्याच्या फोनवरून गाठलं. त्या म्हणाल्या, “दादा, तुमच्याच लोकांनी सांगितलं की बांध फुटत नाही.”

“आणि तुम्ही स्वतः काय पाहिलंत?”

त्या म्हणाल्या, “ते एका शेतापुरतं होतं. आमचा विषय लोक कसे टिकून राहतात हा होता.”

“देवळात वाचणार होता.”

“मुदत संपत आली होती. आणि हे बघा, धोरण आम्ही ठरवत नाही.”

साहेब म्हणतात, अहवालात नाही. बाई म्हणतात, धोरण आमच्या हातात नाही.

श्रावणातल्या अमावास्येला भर दुपारी उधाण आलं आणि उघाडीच्या बाजूचा बांध बसला. आवाज झाला नाही. वहिनी म्हणाली, माती नुसती खाली गेली, भिजलेली भाकरी मोडावी तशी. हाक गेली. आले कोण, तर कारभारी काठी टेकत, आमची वहिनी, तिच्या वयाच्या बायका आणि मी. डंपर बांधावर चढेना, चाकं रुतली. होता तेवढा दगड मी तिथेच ओतला. पोरांना फोन लावले. “काका, गाडी बंदरात अडकलीय, संध्याकाळी निघतो,” हेच सगळ्यांचं. आम्ही अर्धी खांड बुजवली. पुढच्या भरतीने ती बुजवलेली अर्धीही नेली.

आता वहिनीच्या शेतात भरती-ओहोटी होते. पावसाळा सरल्यावर भाताच्या जागी तिवरांचे कोंब वर आले, बोटाएवढे, हिरवेगार. वनखात्याचा माणूस आला आणि सांगून गेला की याला हात लावायचा नाही, कांदळवन तोडलं तर गुन्हा दाखल होईल. खांडीपर्यंत यंत्र न्यायचं तर या कोंबांवरूनच न्यावं लागतं. त्यासाठी परवानगी हवी. परवानगी मागायला गेलं की विचारतात, गावाला धोका आहे हे कुठे नोंदलंय?

पलीकडच्या शेतांना आता आतला बांध तेवढा आहे, गुडघाभर उंचीचा, वहिवाटीचा. त्याच्या पायथ्याला मिठाची पांढरी रेघ उमटायला लागली आहे. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. पालीकडचं एक ठरलेलं लग्न मोडलं. मोडण्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही, आमच्यापैकी कोणी विचारलंही नाही. ओट्यावर कारभारी बसतो, पण आता उघाडीकडे पाठ करून. वहिनी अजून रोज त्या आतल्या बांधावरून फिरते. परवा मला म्हणाली, “भावजी, हा धरंल का पुढच्या पावसाळ्याला?” मी डंपरचं काम आहे सांगून निघून आलो. तिच्या मुलाने खोलीत दुसरी खाट टाकली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाई, तुम्ही या. साहेबांनाही घेऊन या, ग्लासाची भरपाई मी करीन. अमावास्येला दुपारी या, वहिनीच्या शेतात पाणी चढतं तेव्हा. ओट्यावर बसायचं नाही, पोरांचे फोटो काढायचे नाहीत. पाण्यात उभं राहून तिला सांगा, तुमच्या हाताखाली माती हलली होती ती अहवालातून कोणी काढली, आणि का. तुम्ही काढली असेल तर तुम्ही सांगा. साहेबांनी वाचली नसेल तर साहेबांनी सांगावं. दोघांपैकी एकाने उत्तर दिल्याशिवाय मी कोणालाही त्या पाण्यातून बाहेर येऊ देणार नाही.