बेसिनपाशी बाबा

पक्षाघातानंतर बाबांचा उजवा हात नीट वळत नाही, म्हणून मी त्यांना बॅटरीवर चालणारा टूथब्रश आणला. त्यांनी तो एकदा चालवून पाहिला आणि निरांजनं घासायला आईला देऊन टाकला. आमच्याकडे झिजलेल्या ब्रशांच्या वाट्याला येणारं काम त्या नव्याकोऱ्याला पहिल्याच दिवशी मिळालं.

रोज सकाळी ते साधा ब्रश घेऊन बेसिनपाशी उभे राहतात. फेस कोपरापर्यंत ओघळतो. मी दारात घुटमळते.

"बाबा, तो आपोआप फिरतो," मी एकदा म्हटलं.

"दात निघतील गं स्वच्छ. हाताचं काय?"

सोय करून देण्याच्या घाईत मी त्यांची रोजची झुंजच काढून घ्यायला निघाले होते.

आज फेस मनगटापाशीच थांबला. बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि पेस्टचं झाकण उजव्या हाताने घट्ट लावलं.