पुन्हासांगबाईंचा तास

आमच्या साहित्याच्या बाईंना सगळी शाळा पुन्हासांगबाई म्हणायची, अर्थात पाठीमागे. त्यांच्या तासाला चर्चा असे आणि चर्चेला एकच नियम. आपलं मत मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्यालाच बोलून दाखवायचं. त्याने "हो, हेच म्हणतोय मी" असं कबूल केलं, तरच आपली पाळी. नाहीतर बाई कानावरची पेन्सिल काढून म्हणणार, "पुन्हा सांग." जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, पण डुलकी काढायची कुणाची छाती नव्हती. तसा तास मला पुढे कुठेच मिळाला नाही, आणि त्याची आठवण आली की अजून जीव हळवा होतो. तेव्हा मात्र तो नियम डोक्यात जायचा. भांडायला निघालेल्या माणसाने आधी शत्रूची वकिली करायची, हा कुठला न्याय?

आणि त्या वर्षी मला भांडायचंच होतं. बाबांचं शिंप्याचं दुकान होतं. सहामाही झाली की शाळा बंद, दुकानात बसायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. कारण विचारलं की मशीन खडखडवत बसायचे. मी अबोला धरला.

नेमकं तेव्हाच बाईंनी लिहायला दिलं : घरात ज्याचा सगळ्यात जास्त राग येतो, त्याच्या तोंडून एक पान. मी एका बैठकीत चार पानं भरली. त्यात बाबा मिशीला पीळ देत "मुलींना शिकून काय करायचंय!" असं गरजत होते. खरं तर बाबांना मिशी नव्हती. बाई अशा लिखाणाला मार्क देत नसत, समासात प्रश्न लिहीत. माझ्या वहीत लिहिलं होतं, "हे ते बोलले, की तू? विचारून ये."

गेले विचारायला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"मला शाळेतून का काढताय?"

"मदत हवीये."

"म्हणजे फुकटचा नोकर हवाय."

"नाही."

"म्हणजे माझं शिकणं वाया जातंय, असं वाटतं तुम्हाला."

"नाही गं."

तासाची सवय अंगात मुरलेली, मी हटेना. शेवटी बाबांनी सुई-दोरा माझ्यापुढे धरला. "ओवून दे." मी ओवली. "मला सकाळपासून जमलेलं नाही," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, आता चष्म्याने भागणार नाही. काजं वाकडी होतात. बाहेर कळलं तर दुकान बसलंच."

"म्हणजे तुम्हाला नीट दिसत नाही, आणि ते कुणाला कळायला नकोय."

"हो," बाबा म्हणाले. "हेच."

मला रडूच आलं. राग होता तोवर निदान भांडता तरी येत होतं.

नवं पान मी त्यांना वाचून दाखवलं. "डोळ्यांचं तेवढं गाळ," म्हणाले. मी गाळलं, वाकड्या काजांचं मात्र राहून गेलं. वही परत आली तेव्हा समासात प्रश्न होता, "हे वडील काय लपवतायत?" मी उत्तर दिलं नाही, आणि बाईंनीही छेडलं नाही.

सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन मी दप्तर माळ्यावर टाकलं. त्याच संध्याकाळी बाई दुकानात आल्या, हातात कापडाचं हे एवढं गाठोडं घेऊन.

"शाळेच्या नाटकासाठी बारा कोट हवेत," त्या बाबांना म्हणाल्या. "शिवा तुम्ही. काजं मात्र तुमच्या मुलीच्या हातची हवीत. शाळा सुटल्यावर रोज दोन तास बसेल ती. घाई मुळीच नाही."

बाबांनी कापड चाचपलं. "नाटक कधी आहे?"

"वर्ष संपताना."

"आणि पुढच्या वर्षी?"

"दर वर्षी असतं," बाई बेधडक म्हणाल्या.

बाबांनी गाठोडं उचलून फळीवर ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या शाळेतून थेट इकडे यायचं. वाटेत गप्पा छाटत बसायचं नाही."

आमच्या शाळेत तोवर एकही नाटक झालेलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी वर्गात बसून आम्ही लिहायला घेतलं, बारा कोट लागतील असं.