रापणीतला आमचा वाटा

पाण्यात गेलेला देव परत येतो असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी मान डोलावली असती आणि मनातल्या मनात हसलो असतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्या शिक्षणानं नोकरी दिली, पडेगावला लहानसं घर दिलं, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. पण देवाच्या बाबतीत त्यानंच मला जरा अवघडून ठेवलं होतं. मी हात जोडायचो, पण जोडताना कोणी बघत नाही ना, हे आधी बघायचो. आज जे लिहितो आहे त्याला कोणी चमत्कार म्हणावं असा माझा आग्रह नाही. जसं घडलं तसं सांगतो.

घर बांधून झालं होतं आणि वास्तुशांत तोंडावर आली होती. आई आणि बापू चितेगावचं जुनं घर भावकीकडे सोपवून, देव्हाऱ्यातले देव घेऊन माझ्याकडे आले होते. आमच्याकडे देव नव्या देव्हाऱ्यात बसवण्याआधी त्यांना पैठणला गंगेत आंघोळ घालायची रीत आहे. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तेवढ्यात मला सुट्टी मिळाली आणि माझ्या मनात आलं की या दोघांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही, तो आधी दाखवावा. घरापायी खिसा रिकामाच होता. पण आमच्या रंगनाथमामांना कमी खर्चात जास्त हिंडायचं फार वेड. ते म्हणाले, "समुद्राला तिकीट नसतं, भाच्या. वाळूला नसतं, शिंपल्याला नसतं. फकस्त जाऊन यायचं भाडं. दशम्या, ठेचा आन् शेंगदाण्याची चटणी आपली, देवळाच्या भक्तनिवासात पथारी. बाकी सगळं देवानं फुकट मांडून ठेवलंय."

अडचण एकच होती, देव कोणाजवळ ठेवायचे? "कुलूप घातलेल्या घरात देवानं एकट्यानं राहायचं का?" आईनं विचारलं. शेवटी देवही सहलीला निघाले. खंडोबा-म्हाळसेचा टाक, भवानीचा टाक, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, सगळे हळद लावलेल्या फडक्यात गुंडाळून एका स्टीलच्या डब्यात बसले. हा डबा माझ्या लग्नात मामांनी दिलेला. त्यावर 'रंगनाथमामाकडून सप्रेम भेट' असं मशीननं कोरलेलं आहे. त्याचं झाकण पहिल्या दिवसापासून इतकं घट्ट, की आई दर दिवाळीला मामांना ऐकवायची, "डबा दिलास रे, झाकण उघडायला माणूस नाय दिलास." पण एसटीच्या आदळआपटीत न उघडणारं झाकण तिला एकदाचं सोयीचं वाटलं.

कोकणात उतरून समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा बापूंनी डोळ्यांवर आडवा हात धरून पार टोकापर्यंत बघून घेतलं. मग म्हणाले, "एवढं पाणी आन् आपल्याकडं टँकर!" पहिला दिवस फार आनंदात गेला. माझ्या लेकीनं शिंपल्यांनी मामांची टोपी भरली. बायकोनं वाळूत पडेगावचं घर काढलं, त्याला खऱ्या घरापेक्षा दोन खोल्या जास्त काढल्या. आम्ही खेकड्यांमागे पळालो, मग खेकडे आमच्यामागे पळाले. मामा प्रत्येक गोष्टीनंतर "हेही फुकट!" असं ओरडत होते, आणि शेजारच्या पुण्याच्या कुटुंबानं हळूहळू आपली चटई लांब सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं ठरवलं की देवांनाही इथेच आंघोळ घालायची. मी सांगायला गेलो की गोदावरी पूर्वेकडे जाते आणि हा तर पश्चिमेचा समुद्र आहे. ती म्हणाली, "पाण्याला पाणी वळखतं. तू गप बस." पाणी बरंच आत गेलं होतं. आम्ही त्या ओल्या, गुळगुळीत वाळूवर सतरंजी टाकली, पाण्याच्या अगदी कडेला, पैठणला घाटावर बसतो तशी. आता डबा उघडायचा. मी ओढला, बापूंनी गुडघ्यात धरून ओढला, मामांनी "माझा डबा हाय, माझं ऐकंल" म्हणून ओढला. झाकण हललं नाही. "आधी जेवा, मग अंगात जोर यील," असं म्हणून आईनं डबा वाळूवर ठेवला आणि दशम्या काढल्या.

पहिली लाट सतरंजीच्या टोकाला लागली तेव्हा बायको उठायला लागली. बापूंनी तिला हातानं बसवलं. "बस, सूनबाई. भोंगा झाला नाय अजून."

आमचं सगळं गणगोत पैठण रस्त्याचं. धरणातून पाणी सोडायचं असलं की आधी भोंगा होतो, मग नदीकाठची माणसं गुरं-ढोरं घेऊन वर येतात. भोंग्याशिवाय पाणी वाढतं, ही गोष्ट बापूंच्या अनुभवात नव्हती. भरती हा शब्द मलाही नोकरीच्या जाहिरातीतूनच जास्त ओळखीचा. आम्ही सगळे भोंग्याची वाट बघत जेवत राहिलो. मग एक मोठी लाट आली. तिनं चटणी नेली, बापूंची एक चप्पल नेली आणि सतरंजी माझ्या गळ्यात घातली. बायको किंचाळली, "अहो, डबा!"

डबा बुडाला नाही, हेच जास्त वाईट झालं. तो ऐटीत तरंगत, ऊन लागून चमकत, खडकांच्या बाजूला निघाला. मी छातीपर्यंत पाण्यात गेलो, पण चितेगावच्या विहिरीत शिकलेलं पोहणं तिथे चाललं नाही. खंडोबाचा जन्म घोड्यावर गेला, पण होडीतून चालल्यासारखा तो शांतपणे दूर दूर जात होता. थोड्या वेळानं चमकही दिसेनाशी झाली.

आई रडली नाही, रागावलीही नाही. ओल्या लुगड्यानं उभी राहून एवढंच म्हणाली, "आता त्या घरात मी पाय ठेवणार नाय. देवाच्या आधी माणसानं जायचं नसतं, आन् देव तर गेले." माझं घर आईविना उभं राहणार होतं. मामा कडेला बसून स्वतःच्या टोपीतले शिंपले एकेक करून समुद्रात परत टाकत होते, जणू बदल्यात काही मिळेल. संध्याकाळी देवळात मी पहिल्यांदा इकडेतिकडे न बघता हात जोडले. प्रार्थनेची सवय नसल्यामुळे मनातले शब्द रजेच्या अर्जासारखे आले. 'विनंती की, आमचे देव हरवले आहेत, तरी कृपया योग्य तो विचार व्हावा.' पुढे काय म्हणावं ते सुचेना, म्हणून फक्त म्हटलं, 'आता तुझं तू बघ.'

सकाळी आई चहा न घेताच किनाऱ्यावर जाऊन बसली. तिच्यामागे आम्ही सगळे. तिथे कोळ्यांची रापण लागली होती. होडीनं एक लांबलचक जाळं अर्धगोल टाकून आले होते आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर माणसं ओढत होती. पदर खोचलेली, आवाजानं लाट मागे हटवील अशी एक बाई आमच्याजवळ आली.

"खंयसून इलात?"

"संभाजीनगरहून," मी म्हणालो.

"मगे बसान काय करतलात? धरा दोरी!"

मामा बसल्या बसल्याच पुटपुटले, "हेही फुकट..." पण त्या आवाजात जीव नव्हता. मी आईकडे पाहिलं. आई माळकरी. शेजारच्या घरात मासळी शिजली तर ती आपली खिडकी लावून घेते. मासे ओढायची दोरी तिनं धरावी हे मी सुचवूसुद्धा शकत नव्हतो. ती पाण्याकडे बघत राहिली. मग गळ्यातली माळ पदराआड सारली आणि उठली. "देव जर त्यांच्यात जाऊन बसला असंल, तर मलाबी तिकडंच जावं लागंल," असं म्हणून तिनं दोरी धरली. तिनं धरल्यावर आम्ही कोण मागे राहणार?

दोरी ओली, जड आणि खरखरीत होती. टाचा वाळूत रुतवून मागे रेलायचं, दोन पावलं सरकायचं, पुन्हा रेलायचं. समोर नुसतं पाणी, जाळ्यात काय आहे ते कोणालाच दिसत नाही. बापूंना हे काम ओळखीचं वाटलं असावं. त्यांनी मोटेच्या बैलांना घालायचे तसे आवाज सुरू केले, "हं राजा, हो हो, चल रं लक्ष्या!" आधी कोळी हसले, मग सगळी रांग त्या तालावर ओढायला लागली. पुढे असलेल्या दांडग्या माणसानं मागे वळून विचारलं, "लक्ष्या कोण, आजोबा?" बापू म्हणाले, "बैल व्हता माझा. तुमच्यापरीस ऐकायचा." त्या गडबडीत मी देवांना विसरलो, घराला विसरलो. नुसता ओढत होतो. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

जाळं जवळ आलं तसं आतलं पाणी चांदीसारखं उसळायला लागलं. बाया टोपल्या घेऊन धावल्या. आई मात्र दोरी सोडून पाठ फिरवून उभी राहिली, तडफडणारी मासळी तिला बघवेना. आणि मासळीच्या त्या ढिगात, शेवाळाचा फेटा बांधून, एक स्टीलचा डबा बसला होता.

त्या बाईनं तो उचलून हवेत धरला. "अगो बाय! हो डबो कोणाचो? रंगनाथमामा कोण?"

मामा दोरी ओढून दमून वाळूत बसले होते. त्यांनी बसूनच हात वर केला, शाळेत हजेरीला करतात तसा. आई वळली. डबा तिनं दोन्ही हातांनी घेतला, छातीशी धरला आणि त्याला मासळीचा वास येतोय हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

त्या दांडग्या माणसानं सुरीचं पातं झाकणाखाली सारून ते उचकटलं. आत एक थेंब पाणी नव्हतं. फडकं कोरडं, हळद कोरडी, खंडोबा घोड्यावर जसाच्या तसा. आईनं मामांकडे बघितलं. इतक्या दिवाळ्यांचं बोलणं तिच्या तोंडावर येऊन थांबलं असावं. ती म्हणाली, "रंगनाथा, झाकण चांगलं हाय रे." मामा तेव्हा रडायला लागले.

मग डोळे पुसत तीच म्हणाली, "अरं, पण आंघोळ तर राह्यलीच की!" सगळा समुद्र हिंडून आले आणि देव कोरडेच. तिनं तिथंच, गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांना आंघोळ घातली. मी तिचा एक हात धरला होता, त्या बाईनं दुसरा आणि बापूंनी पदराचं टोक.

किनाऱ्यावर वाटे पडत होते. रापणीची रीतच आहे, ज्यानं दोरीला हात लावला त्याला वाटा. त्या बाईनं आमच्यापुढेही ताजी मासळी आणून ठेवली. "घेवा. दोरी ओढलात, म्हणजे वाटो घेवकच व्हयो." आईनं वाकून तिचे हात धरले आणि म्हणाली, "आमचा वाटा आला, माय. हा तुमच्या लेकरांना दे."

वास्तुशांत ठरल्या दिवशी झाली. देव आधी आत गेले, मग आई, मग आम्ही. तो डबा देव्हाऱ्याखाली असतो, आणि मामा आले की देवाच्या आधी त्यालाच नमस्कार करतात. बापूंचं म्हणणं मात्र अजून तेच आहे की समुद्रवाल्यांनी भोंगा द्यायला पाहिजे होता.

मी काय शिकलो ते मला नीट मांडता येत नाही. मी ज्याला दूर गेलेला समजून किनाऱ्यावर हातपाय गाळून बसलो होतो, तो जाळ्यात येऊन बसला होता, आणि मला फक्त एका दोरीला हात लावायचा होता. आत काय आहे ते दिसत नव्हतं, तरी आईनं ती धरली. आता रोज संध्याकाळी दिवा लावताना मी हात जोडतो. इकडेतिकडे बघत नाही. अर्जही करत नाही. टाचा रोवून थोडा मागे रेलतो, एवढंच.