हैदराबादी परवा

आमच्या घरात ‘परवा’ या शब्दावरून लग्नापासून भांडण आहे. मी पुण्याची. माझा परवा म्हणजे कालचा आदला दिवस. फारच सैल सोडला तर चार-आठ दिवस मागे जाईल, त्यापलीकडे नाही. नवऱ्याचं घराणं मात्र तीन पिढ्या हैदराबादेत. यांच्या परवाला तळ नाही. इथल्या दक्खनीतल्या ‘परसों’सारखा तो गेल्या मंगळवारचा असू शकतो, नाहीतर मुलीच्या बारशाच्या वेळचा. मी पुष्कळ दुरुस्त करून पाहिलं. मुलगी बापाच्या वळणावर गेली.

ही मुलगी गणपती झाल्यावर परदेशी शिकायला गेली. विषय जुन्या चित्रांचं जतन. तो मीच शोधून दिला होता. मी सिकंदराबादच्या एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. चित्रकलेला जायची इच्छा होती, वडिलांनी ड्राफ्ट्समनच्या कोर्सला घातलं, तिथेच पोट भरलं. तक्रार नाही. पण मुलगी त्या वाटेला लागली याचा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. त्याआधी एक फोटो. विद्यार्थ्यांना म्युझियमात फुकट प्रवेश, म्हणून ती सारखी जायची. “परवा हे बघितलं,” अशी सुरुवात. एकदा मासळीवालीच्या टोपलीचं चित्र होतं, माशाच्या डोळ्यात खिडकी रंगवलेली. एकदा पत्र वाचणारी बाई. मी विचारायची, दालन केवढं, उजेड वरून येतो की बाजूने, पुढच्या दालनाचं दार कुठे. तिने सांगितलेल्या मापांवरून मी त्या म्युझियमचा आराखडा काढायला घेतला. हे शेजारी बसून फोटो मोठा करून बघायचे. “कसले रंग आहेत गं,” म्हणायचे. कधी पट्टी धरायचे. जूनमध्ये तिच्या पदवीदानाला दोघांनी जायचं आणि सगळी दालनं क्रमाने बघायची, असं ठरलं होतं. माझा रजेचा अर्जही दिलेला होता.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आरशासमोर बसलेल्या म्हाताऱ्याचं चित्र आलं. चित्रावर काच होती आणि काचेत फोन धरलेली आमची मुलगी दिसत होती. चष्मा तपकिरी. तो चष्मा दिवाळीत फुटला होता. तुकडे तिने मला व्हिडिओवर दाखवले होते आणि नवी काळी फ्रेमही माझ्याच सांगण्यावरून घेतली होती.

फोन आला. नेहमीप्रमाणे तो स्पीकरवर होता, हे समोर मटार सोलत होते.

“हा फोटो कधीचा?”

“परवाचा.”

“चष्मा जुना आहे.”

ती म्हणाली, “आई, तू पोलिसात का नाही गेलीस?”

“विषय बदलू नको.”

मग सगळं बाहेर आलं. जतनाचा कोर्स तिने दिवाळीआधीच सोडला होता. केमिकलच्या वासाने डोकं दुखायचं, आणि एका चित्राच्या कोपऱ्यावर महिनाभर कापूस फिरवायचा तिला वीट आला होता. कॉलेज बदलून ती दुसऱ्या गावात मॅनेजमेंट शिकत होती.

“आणि दर रविवारी मला काय सांगत होतीस?”

“बघितलेलंच सांगत होते ना. पहिल्या महिना-दीड महिन्यात खूप बघून ठेवलं होतं. एकेक पाठवत होते. खोटं एक नाही.”

“परवा म्हणायचीस.”

“हौ, परवाच. आपल्याकडं परवा म्हणजे कधीपण. तुला माहितेय की. आणि इथं म्युझियम कुठंय? एक आहे, त्यात नांगर ठेवलेत.”

मी फोन ठेवला. यांनी मटाराचं ताट बाजूला केलं.

“रागावू नको गं. मलाही परवाच कळलं.”

मला क्षणभर बरं वाटलं. निदान दोघं मिळून फसलो. पण पंचवीस वर्षं या माणसाबरोबर राहिले आहे.

“तारीख सांगा.”

“कसली तारीख?”

“तुमच्या परवाची.”

ते ताटातल्या शेंगा चाळवत राहिले. “दिवाळीच्या आधी. तिनं विचारलं, बदलू का म्हणून. मी हौ म्हणालो.”

“आणि मला कोण सांगणार होतं?”

“तू तिकीट काढून गेली असतीस. तिला परत त्या वर्गात बसवून आली असतीस.”

बसवून आले असते, खरं आहे. म्हणूनच मुलीचं मी समजू शकते. बाविसाव्या वर्षी आईला टाळायला आणखी काय करणार? पण हे माझ्या शेजारी तीन-साडेतीन महिने बसत होते. दार डावीकडे की उजवीकडे, असं मला विचारत होते. ती त्या गावातही नाही हे ठाऊक असताना पट्टी धरत होते. विचारल्यावर म्हणाले, “तुला इतका आनंद होत होता, कुठं मोडायचं?” हे मला सगळ्यात जास्त लागलं. माझा आनंद या दोघांनी आपसात ठरवून चालवला होता.

सोमवारी ऑफिसात रजा रद्द केली. साहेबांनी कारण विचारलं. घरचं काम निघालं, म्हटलं.

पुढच्या रविवारी फोन आला. फोटो नव्हता. मी नव्या कोर्सचं सांग म्हटलं. आवाज चढवला नाही. ती सांगू लागली, मालाची ने-आण, गोदामं, कुणाबरोबर प्रोजेक्ट, कुठली मॅडम खडूस. बोलण्यात जीव होता, हे मला मान्य करावं लागलं. मग माझं लक्ष यांच्याकडे गेलं. मॅडमचं नाव येण्याआधीच ते हसले. प्रोजेक्टचं वाक्य पुरं होण्याआधी त्यांची मान हलली. ते सगळं त्यांनी आधी ऐकलेलं होतं, कदाचित दोनदा.

मी फोन त्यांच्या हातात दिला.

“तुम्ही बोला,” म्हटलं, “मला नंतर थोडक्यात सांगा.” आणि मशीनमधले कपडे काढून गच्चीवर वाळत घालायला गेले.