अण्णांच्या कपाळावरचे दोन रुपये

हो, माझ्या बापाच्या कपाळाला मी दोन रुपयांचं नाणं लावलं.

घरात चांदीच्या नाण्यांनी भरलेलं कपाट असताना.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे वाक्य माझ्या पाठीमागे फिरतंय. लग्नात, बारशात, मंठ्याच्या बाजारात, जालन्याला नातेवाइकांकडे. म्हणून आज मीच लिहिते, आणि सगळ्यांना टॅग करून लिहिते.

जे अण्णांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अण्णा मंठ्याच्या शाळेत चित्रकलेचे सर होते. म्हणजे ज्याचा तास गणिताचे सर हक्कानं मागून न्यायचे, तो विषय.

पान नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. एकच नाद होता. टांकसाळीतून निघणारी चांदीची स्मारक नाणी. तीही प्रूफ.

प्रूफ नाणं बाजारात चालवायला नसतंच. त्याची सपाट बाजू आरशासारखी आणि तिच्यावर उठलेलं चित्र दुधाळ पांढरं. आधी बुकिंग करायचं आणि मग महिनोन्‌महिने पोस्टमनची वाट बघायची. आई म्हणायची, लेकीच्या स्थळाचीसुद्धा या माणसानं एवढी वाट बघितली नाही.

नाणं डबीत, डबी पेटीत, पेटी कपाटात. बोटाचा ठसा उमटला की तो कायमचा. पुसायला जावं तर ओरखडे.

एवढ्या चांदीत पोरीचे पैंजण झाले असते, असं लोक म्हणायचे. पैंजण कुणीबी करतं, असं म्हणून अण्णा विषय संपवायचे.

एका दिवाळीला आत्या आल्या होत्या. अण्णांची मोठी बहीण, जाफराबादला असतात. लक्ष्मीपूजनाला त्यांनी रेल्वे इंजिनाचं नाणं डबीतून काढलं, दुधानं धुतलं, हळदकुंकू वाहिलं. मग डाग निघेना म्हणून टूथपेस्ट लावून घासलं.

सगळं प्रेमानं. घरची लक्ष्मी प्लास्टिकात कोंडून ठेवलेली त्यांना बघवेना.

अण्णांनी नाणं खिडकीपाशी नेलं. आरसा गेला होता. त्या दिवाळीत त्यांनी करंजीसुद्धा तोंडात घातली नाही, पण बहिणीला एका शब्दानं बोलले नाहीत. नाणं तिच्या ओटीत घातलं आणि म्हणाले, अक्का, हे आता तुझ्या देवात ठेव.

असा माणूस.

आता त्या दिवसाचं सांगते.

तिरडी बांधून झाली होती. आमच्याकडे मयताच्या कपाळाला नाणं चिकटवून निरोप देतात. अंगण माणसांनी भरलेलं. आत्या रडत रडतच म्हणाल्या,

"जल्मभर चांदी जमवली माझ्या भावानं. जाताना तरी त्याची त्याला लाव की, बाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे.

मी आत गेले. वरचीच पेटी काढली. नाण्यात माझं तोंड दिसलं, रडून सुजलेलं.

खरं सांगते, लावावंसं वाटलं. फार वाटलं. ज्याचं त्याच्याबरोबर जाऊ दे, आता मागे ठेवून काय करायचं, असं वाटलं.

मग एक आठवलं.

टपरीवर चहा झाला की अण्णा सुट्ट्यातलं एखादं झिजलेलं नाणं बोटांत फिरवत बसायचे. यात काय बघता, असं मी एकदा विचारलं होतं.

"कपाटातलं लई देखणं हाय, पण त्याला कुणाचा हात न्हाई लागला. हे बघ. किती जणांच्या खिशातून आलं आसंल. झिजलं, पण कामाला आलं. मला दोन्हीबी आवडतेत."

माझे अण्णा कपाटातले नव्हते हो.

रंगपेटी नसलेल्या पोराला स्वतःची पेटी देणारे. गणपतीच्या मखरापासून किराणा दुकानाच्या पाटीपर्यंत सगळ्या गावाचं फुकट रंगवून देणारे. मंठ्यात ज्याच्या त्याच्या उपयोगी पडून झिजलेला माणूस होता तो.

पेटी बंद केली. पर्समधून रिक्षाच्या सुट्ट्यातले दोन रुपये काढले. बाहेर आले आणि माझ्या हातानं लावले.

चांदीपायी बापाला भिकाऱ्यावानी धाडलं, असं आत्या म्हणाल्या. त्या दुःखात होत्या, त्यांचं मी मनावर घेतलं नाही. पण बाकीच्यांनी ते वाक्य उचललं आणि गुड मॉर्निंगच्या मेसेजसारखं फॉरवर्ड करत बसले.

आज वर्षश्राद्धाच्या पंगतीत परत विषय निघाला. एका काकांनी तोडगा काढला. सगळी नाणी सराफाकडं आटवायची, अण्णांच्या नावानं देवीला मुकुट करायचा, म्हणजे लोकांची तोंडं बंद.

मी भात वाढत होते.

"काका, एकपण नाणं आटणार नाही. लोकांना बोलू द्या."

आत्या काकांच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "वरण वाढ."

मी वाढलं.

तर आता ऐका. येत्या रविवारी आमची बैठकीची खोली सकाळपासून उघडी आहे. अण्णांची सगळी नाणी काचेखाली मांडणार आहे. शाळेतली पोरं चित्रकलेच्या वह्या घेऊन येणार आहेत.

तुम्हीपण या. ज्यांनी वर्षभर माझं नाव घेतलं त्यांनी तर आधी या. चहा मिळेल.

एकेक नाणं नीट बघा. सावकाश बघा. आणि मग माझ्या तोंडावर सांगा, यातलं कोणतं तुम्ही सरणावर ठेवलं असतं.

अण्णा, भरल्या मनानं नमस्कार.

तुमच्या कपाळाला शोभलं, तेच लावलं मी.